जनावरांचं लोणचं

खड्ड्यात उतरण्याआधी विठाबाईनं एकेकीच्या पायांवर तांब्यानं पाणी घातलं आणि ते कोरडे पुसायला लावले. लोणच्याला ओला हात चालत नाही, मग खड्ड्यातल्या चाऱ्याला ओला पाय कसा चालेल?

"आणि कुणाला अडचण असंल तर आत्ताच सांगा," ती म्हणाली. "गुमान बांधावर बसायचं. लपवालपवी न्हाय पायजे."

शेजारची शालूबाई पदर खोचून तयारच होती. "माझं तसलं समदं कवाच सरलं, बाई."

विठाबाईनं सुनेकडं पाहिलं. वर्षाराणी मान खाली घालून पाय पुसत होती. पुसलेलेच पुन्हा पुसत होती.

"मला न्हाय," ती म्हणाली आणि खड्ड्यात उतरली.

धडधडीत खोटं होतं ते. पहाटेच तिला कळलं होतं. पण करते काय बिचारी? मुरघासाचं हे खूळ घरात आणलं तिनंच. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. कागलजवळच्या त्या गावात तोवर असलं कुणी काही केलं नव्हतं. दूध संघाच्या शिबिरात तिनं ऐकलं होतं की कणसं मोडून घेतली तरी मक्याची ताटं हिरवी असतात, तेवढ्यातच त्यांची बारीक कुट्टी करायची, गुळाचं पाणी आणि मीठ शिंपडत खड्ड्यात थरावर थर द्यायचे, हवा राहणार नाही असं तुडवायचं, वर प्लास्टिकचा कागद आणि माती घालायची आणि दीड महिना विसरून जायचं. घरी सांगितलं तर नवरा हसला. पृथ्वीराजचं गणित सरळ होतं: कारखान्याचं गळीत संपलं की उसाच्या वाढ्याचा चारा बंद, मग दोन गायी उन्हाळ्यात जगणार कशा? एक विकायची. आणि विकायची ती चंद्री, वर्षाराणीनं माहेराहून कालवड म्हणून आणलेली.

तेव्हा ती सासूकडं गेली. "आत्ती, जनावरांचं लोणचंच की हे!"

लोणचं म्हटल्यावर विठाबाईचे डोळे लकाकले. तिच्यासारखं लोणचं अख्ख्या गल्लीत कुणाला जमत नसे. तिनं लेकाला दम भरला, "खड्डा उघडस्तवर गाय विकायची न्हाय. नासलं तर मग तुझं तू बघ." पण लोणचं आलं, तसे लोणच्याचे नियमही आले.

वर्षाराणी बांधावर बसली असती तर तुडवलं कुणी असतं? शालूबाईचे पाय कमी आणि तोंडच जास्त चालत होतं. सून मात्र ऊन डोक्यावर आलं तरी थांबली नाही.

दीड महिना विसरून जायचं, हे सांगणाऱ्याला सोपं. विठाबाई रोज त्या मातीच्या ढिगाभोवती फेरी घाली, वाकून वास घेई.

"आत काय चाललं असंल ग? वाफ धरली असंल?"

"उघडायचं न्हाय, आत्ती."

"उघडतंय कोण? नुसतं इचारलं."

मातीला भेग दिसली की वर्षाराणी धावत जाऊन ती लिंपून घेई. दहावी झालेली पोर ती; घरात असली की हे सगळं खुळचट आहे असं तिला वाटे, पण ढिगाजवळ गेलं की मन मानत नसे. खरंच नासलं तर? चंद्री तर जाईलच, पण आपल्या पायांमुळं गेली हे जन्मभर डोक्यात राहील.

चैत्रात पृथ्वीराजनं माती ओढून कागद उचलला. बघतात तर एका कोपऱ्यात कुट्टी काळी पडलेली, वर पांढरी बुरशी.

"घ्या!" शालूबाई कडाडली. "कुणीतरी शिवलंया. त्याबिगर असं व्हतंय व्हय?"

वर्षाराणी दोन पावलं मागं सरली. विठाबाईनं मात्र बाह्या सारल्या आणि बुरशीचा थर उपसून बाजूला टाकला. खालची कुट्टी पिवळसर हिरवी निघाली. गुऱ्हाळाच्या दारातून जाताना येतो तसा आंबूसगोड वास सुटला. म्हातारीनं चिमूटभर उचलून सरळ तोंडात टाकली.

"आई, काय करतीस!" पृथ्वीराज ओरडला.

"मीठ कमी हाय," ती चघळत म्हणाली. मग शालूबाईकडं वळली. "आणि त्यो कोपरा तुझा हुता. गप्पा हाणत हुभी ऱ्हायलीस तिथं."

चंद्रीपुढं पाटी ठेवली. तिनं हुंगलं, फुर्र केलं आणि तोंड फिरवलं. मग तिनं जीभ लांब करून एक घास ओढला, आणि पाटी रिकामी होईपर्यंत मान वर केली नाही. वर्षाराणी तिच्या मानेला मिठी मारून ढसाढसा रडली.

वैशाखात विठाबाईनं कैऱ्या फोडून मसाला केला आणि सुनेला हाक मारली. वर्षाराणी उंबऱ्यातच थांबली. या वेळी खोटं बोलवेना.

"आत्ती, मला अडचण हाय."

"ठावं हाय. म्हणून तर आज काढलंय. ये आत."

समोर दोन बरण्या होत्या.

"ही माझी, ही तुझी. कैऱ्या त्याच, मीठ त्येच. पावसाळ्यात बघू."

वर्षाराणी उंबरा ओलांडून आत आली. विठाबाई खाली मान घालून फोडींना हळद चोळत होती.

"त्या दिशी गोठ्यामागं तुझी फडकी वाळत हुती. बघितली म्या."

"मग बोलला का न्हाईसा? चंद्री गेली असती की!"

"गेली असती. रात-रात झोप न्हवती मला." तिचा हात थांबला. "लग्नाच्या साली माझी एक बरणी नासली. असाच लपवून हात घातलेला. सासूनं मरस्तवर बोलून दावलं, आणि मलाबी खरंच वाटत आलं. खरं का खोटं, एकदा बघायचं हुतं ग मला. पण खड्ड्यात समद्यांचंच पाय मिसळलं. तिथं काय कळतंय? घाल हात."

वर्षाराणीनं कोपरापर्यंत हात घातला. बरण्यांच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधून झाल्यावर विठाबाईनं सुनेच्या बरणीला ओळखू यावी म्हणून कुंकवाचं बोट लावलं.

श्रावणात शालूबाई भाकरी घेऊन आली आणि लोणच्याची फोड मागू लागली. विठाबाई फळीपाशी गेली आणि कुंकवाची बरणी काढली.

शालूबाईनं फोड चोखली, डोळे मिटले, मिटक्या मारल्या. "विठाक्का, काय बी म्हणा, हात लागतोय त्याला!"

"व्हय की," विठाबाई म्हणाली, आणि सुनेच्या ताटातही तीच वाढली.