पिल्लाने चावलेली फुंकनळी

मित्रांनो, मी एक जुनी फुंकनळी आहे. तुमच्या चुलीजवळची फुंकणी विस्तव फुलवते. मी मात्र फुंकरीने जीव घेत असे.

बोर्निओच्या डोंगरात पेनान लोकांच्या वस्तीत मी जन्मले. माझा धनी जेंगोई, त्याच्या बापाने लोखंडासारख्या कठीण लाकडाचा सोट उभा बांधला आणि लांब सळईने ठोकून ठोकून पोखरला. भोक आरपार झालं तेव्हा त्याने माझ्यातून आभाळ पाहिलं आणि मला पोटाशी धरलं. पुढे जेंगोईने माझ्या टोकाला वेताने भाल्याचं पातं बांधून वर डिंक फासला. माझ्यातून फुंकलेल्या विषारी काड्यांनी शिकार होई आणि वस्ती पोटभर जेवत असे. मग बंदुका आल्या आणि मी छपराला लटकून धुराने काळी पडले. खोटं कशाला सांगू, फार झोंबलं.

एके वर्षी डोंगरावरची झाडं तोडायची ठरली. अंगावर ढगांसारखे पट्टे असलेल्या ढगाळ बिबट्याची मादी इथे पिल्लं वाढवते असा पुरावा मिळाला, तरच तोड थांबणार होती. त्यासाठी शहरातून हुई मिन नावाची अभ्यासक आली. जेंगोई आणि त्याची बायको उरेंग तिला घेऊन निघाले. बंदुकीच्या बाराने जनावरं पळतील, म्हणून जेंगोईने मला खाली काढलं.

माग काढण्यात उरेंगचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने चिखलात एक मोठा पंजा दाखवला, शेजारी इवलेसे पंजे. हुई मिन कॅमेरा काढते तोच झुडपातून दाढीवालं रानडुक्कर डोकावलं. आनंदाच्या भरात जेंगोई उरेंगला बोलून गेला, "अगं, बघ बघ, तुझा थोरला भाऊ! तंबाखू तेवढी तोंडात नाही!" आणि खो खो हसला.

उरेंगचा चेहरा उतरला. "जनावराला हसलास? अक्कल कुठे ठेवून आलास?"

"तोंडातून निघून गेलं गं."

"निघून गेलं म्हणे! आता ते पंजेही निघून जातील."

आमच्याकडे जनावराची टिंगल केली की आभाळ कोपतं. तसंच झालं. विजा कडाडल्या, पाऊस कोसळला आणि बघता बघता पंजे वाहून गेले. तिघांनी एका कपारीत आसरा घेतला. आभाळाची माफी मागायला जेंगोईने आपल्या केसांची बट कापून जाळली. "चुकलो," तो गडगडाटाला म्हणाला, "शिक्षा मला कर, डोंगराला नको." तो रडत होता.

पाऊस ओसरू लागला आणि समोरच्या आडव्या झाडावरून ती आली. अंगभर ढग घेतलेली, आवाज न करता, मागे दोन पिल्लं. माझ्यात काडी भरलेली होती. जेंगोईने ती काढून घेतली आणि मला हळूच जमिनीवर ठेवलं. हुई मिनचा हात कॅमेऱ्याकडे गेला, पण उरेंगने तिचं मनगट धरलं. एक पिल्लू सरळ माझ्याजवळ आलं. त्याने मला हुंगलं, वेताच्या बांधणीला दात लावले, पावसाने चिकट झालेल्या डिंकावर गाल घासला. इतकं जिवंत, उबदार काही मला कधी शिवलं नव्हतं. मग आईने हलकेच हाक दिली आणि तिघंही दिसेनाशी झाली.

डिंकात पिल्लाचे केस चिकटले होते.

"हाच पुरावा. पण बांधणी सोडली तर केस सांडतील," हुई मिन चाचरत म्हणाली. "अख्खीच न्यावी लागेल."

जेंगोईने मला एकदा कुरवाळलं. "ने. आपली वस्तू एकट्याने धरून ठेवणाऱ्याला आमच्यात माणूस म्हणत नाहीत."

तोड थांबली. मी मात्र परत गेले नाही. शहरात काचेच्या कपाटात आहे. वस्तीची आठवण येते. मुलं येतात, भाल्याचं पातं बघतात आणि विचारतात, "हिने किती जनावरं मारली?"

मित्रांनो, ते विचारू नका. वेतावरच्या दातांच्या खुणा बघा. कधी त्या डोंगरावर गेलात आणि ती बिबट्याची मादी दिसली, तर हसू नका, हाका मारू नका. श्वास रोखून उभे राहा. माझा सारा जन्म फुंकरीवर गेला, तरी मलाही ते जमलं.