दोन बोटांचा फरक

आत्याने चादरीचे दोन्ही भाग लांब टेबलावर शेजारी शेजारी अंथरले, तळहाताने सपाट केले, टोकाला टोक लावलं आणि दुसऱ्या टोकाशी जाऊन उभी राहिली. दोन बोटांचा फरक. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चष्मा स्वच्छ झाला, फरक तसाच राहिला.

"वहिनी, तुझा भाग वाढलाय."

"कापड कसं वाढेल, वन्सं?" वहिनी सुईत दोरा ओवत म्हणाली. "ते काय पोर आहे?"

एकाच ताग्यातून कापलेले दोन तुकडे. एक आत्याने भरला, एक वहिनीने. आठ महिने, आपापल्या घरी. भरतकामाच्या या दोन दिवसांच्या शिबिरात ते जोडायचे ठरले होते. सोमवारी सकाळी वहिनीची मुलगी नोकरीसाठी परदेशी निघणार होती आणि बॅगेत सगळ्यात वर तिने या चादरीपुरती जागा राखली होती.

रविवारची सकाळ सरत आली तरी एक टाका पुढे गेला नव्हता. शनिवार मोजण्यातच गेला. जोडाच्या कडेला जी वेल होती, तिच्यातल्या वहिनीच्या फुल्या आत्याने तीनदा मोजल्या. तिन्ही वेळा तीनशे बारा. आत्याच्याही तीनशे बारा. वहिनीने एकदाही मोजल्या नाहीत, याचाच जास्त राग येत होता.

आत्याची सारी नोकरी हिशेबतपासनीस म्हणून झाली होती. माणूस जोखायची तिची रीत एकच: काम उलटं करून मागची बाजू पाहायची. ती जवळून गेली की शिबिरातल्या बायका आपापल्या भरतकामाच्या रिंगा पोटाशी धरत. तिची स्वतःची मागची बाजू अशी, की पुढची कुठली ते सांगता येऊ नये. आता तिने वहिनीचा भाग उलटला. नुसतं दोऱ्यांचं रान माजलं होतं.

"हा बघ घोळ!"

"मागे आहे ना," वहिनी म्हणाली. "पोरगी काय चादरीच्या आत शिरून बघणारे?"

पलीकडे एक निवृत्त दंतवैद्य उशीचा अभ्रा भरत बसले होते. शिबिरातले एकुलते एक पुरुष. ते उठून आले आणि 'आ करा' म्हणणार अशा चेहऱ्याने दोन्ही कापडांवर वाकले.

"यांचं वाढलं नाही, बाई. तुमचं आकसलंय. मागे दोरा दिसू नये म्हणून प्रत्येक टाका ओढलात. तीनशे बारा वेळा. एखादा दातसुद्धा हातात आला असता."

कुणीतरी हसलं. आत्याने त्या दिशेला पाहिलं, तशी तिथे सगळ्यांना एकदम काम आठवलं.

"असू दे," वहिनी म्हणाली. "माझाच भाग चुणून बसवते. कोण बघतंय?" आणि तिने धावदोरा घालायला घेतलासुद्धा.

आत्याची मान होकारार्थी हलू लागली होती. तेवढ्यात वहिनीने दोरा खेचला. ऐसपैस पसरलेल्या वेलीला कपाळावर पडाव्यात तशा आठ्या पडल्या. आता ती हुबेहूब आत्याच्या वेलीसारखी दिसत होती.

"थांब," आत्या म्हणाली. "काढ तो दोरा."

तिने कात्री उचलली आणि स्वतःची वेल उसवायला बसली. तासाभराने कड मोकळी झाली. ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवल्यावर ती दोन बोटं जागेवर आली. मग तिने पहिली फुली घातली. हाताने सवयीने ओढलंच. उसवली. दुसरी घातली, तीही ओढली. चिडून तिने सुई टेबलावर आपटली. सुईच ती; धड आवाजही झाला नाही.

तिने कापड वहिनीपुढे सरकवलं.

"तू भर."

"मी? तुमच्या भागावर?" वहिनीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "आणि मागे रान माजलं तर?"

"भर म्हटलं ना."

चारच्या सुमारास भाचीचा फोन आला.

"आत्या, झाली का गं? आईचंच राहिलं असेल नेहमीसारखं."

"नाही. माझी वेल चुकली होती. उसवली. तुझी आई भरतेय."



"आत्या," मग भाचीने जपून विचारलं, "तुला बरं नाहीये का? मी येऊ का तिकडे?"