पिंपातली हळद

चिखलीत भैरूचा टी-शर्ट रंगवायचा कारखाना होता. त्याला कुठली ऑर्डर मिळाली हे समोरच्या सोसायटीला नाल्याकडे बघून कळायचं. सोमवारी निळी, गुरुवारी लाल. शेवटी सोसायटीचे चेअरमन अण्णासाहेब येऊन सांगून गेले, "रविवारी बघायला येतो. पाणी नितळ दिसलं नाही तर तक्रार पुढे जाणार. मग कारखान्याला कुलूप!"

भैरूने रश्मीला गाठलं. रश्मी म्हणजे गल्लीतल्या भिवाची मुलगी, कॉलेजात कार्बनवर संशोधन करणारी. तिने एक पिंप आणून बसवलं. आत काळाकुट्ट स्पंज.

"कार्बनच्या नळ्या आहेत, दादा. केसापेक्षा हजारो पट बारीक. रंग त्यांना चिकटून बसतो, पाणी पुढे जातं."

भैरूची आई मंजुळाबाई आत डोकावली. "ही तर तव्याखालची काजळी. ही पानी धुनार व्हय?"

"हो, आजी."

"धुईल की. कोळशानं दात न्हाई का घासत आपन?" विज्ञानाला परवानगी मिळाली.

रविवारी अण्णासाहेब आले. रश्मीने वरून निळं पाणी ओतलं, खालच्या तोटीतून नितळ आलं. अण्णासाहेबांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"शाई घालून कुणीही दाखवेल. जत्रेत याहून भारी पाहिलंय आम्ही."

इकडे मंजुळाबाईचा जीव वरखाली होत होता. नवं मशीन, आणि पूजेआधीच चालू! हळदीची बोटं ओढायला गेली, तर ओल्या प्लास्टिकवर ठरेनात. तेव्हा तिने तांब्याभर हळद कालवली आणि थेट पिंपाच्या तोंडात ओतली.

"आये!" भैरूने डोकं धरलं. निळ्यातून सुटला, पिवळ्यात बुडाला.

तोटीतून पाणी आलं. नितळ.

अण्णासाहेबांनी ओंजळीत धरलं, वास घेतला. "हळद गेली?" आवाज एकदम मऊ. पोराच्या लग्नात सदऱ्यावर पडलेल्या हळदीपुढे दोन लाँड्र्यांनी हात टेकले होते, आणि आज अंगात तोच सदरा होता.

"हळदीचा रंगही चिकटतो, काका," रश्मी म्हणाली. "पण हे पाण्यातला रंग काढतं, कापडातला..."

तोवर अण्णासाहेब बनियनवर आले होते. सोसायटीच्या खिडक्या पटापट उघडल्या.

"आणि तक्रार?" भैरूने विचारलं.

"कसली तक्रार, राव? कुठे बुडवू सांग!"

मंजुळाबाईने तांब्याच्या तळाची हळद बोटावर घेतली आणि अण्णासाहेबांच्या कपाळी लावली. "पूजा इथंच पुरी करते. पिंपानं एवढीच ठिवली हाय."