तळाला लागलेला तांब्या

मित्रांनो, मी कसबा पेठेतला एक जुना रांजण आहे. वय झालं, गळ्याला तडा गेला, तरी पहाटे कुणी माझं झाकण उचललं की मी अजून आधी आपलं पाणी तळाला तर गेलं नाही ना, ते बघतो. का, ते सांगतो.

शनिवारवाडा तेव्हा नवा होता. कुंभारवाड्यात मी भाजून निघालो आणि सरुबाईंच्या गवती छपराच्या घरी, मागच्या पडवीत येऊन बसलो. त्यांचा मुलगा जयसिंग मोहिमेवर होता. घरात सरुबाई, सून सोजर आणि वर्षाचा नातू भैरू. आल्यागेल्यानं "काय गार पाणी हो!" म्हटलं की मीही फुगायचो.

पण सरुबाईंचा एक नेम होता. रात्रीचं पाणी म्हणजे शिळं! पहाटे त्या मला पार उपसायच्या आणि सगळं अंगणात ओतायच्या. उन्हाळ्यात मुठेचं पात्र कोरडं पडायचं. सोजर वाळूत झिरा खणून, वाटीवाटीनं घागर भरून आणायची. ते पाणी ओतलेलं बघून तिचा जीव तुटायचा.

"आत्याबाई, झाकलेलं पाणी हाय. राहू द्या की."

"मग तूच पी! माझ्या नातवाला शिळं पाजायचं न्हाई."

सोजर मात्र तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी म्हशीच्या दगडी डोणीत साठवायची. त्यावरही बोलणी खायची, "घराचा उकिरडा केलाय नुसता!"

वैशाखातल्या एका सकाळी मी असाच रिकामा होतो. सोजर नदीवर गेलेली, भैरू आत झोळीत झोपलेला. शेजारच्या कडब्यानं पेट घेतला आणि वाऱ्यानं ठिणग्या आमच्या छपरावर आल्या. बाप रे! गवत बघता बघता पेटलं. सरुबाई धावत आल्या, माझ्यात तांब्या घातला, तो तळाला खणकन आपटला. पुन्हा घातला. पुन्हा खणकन! आत भैरू रडू लागला. माझं तोंड एवढं मोठं, पण मला ओरडताही येईना.

"देवा, माझ्याच हातानं ओतलं रं!" सरुबाई किंचाळल्या. तेवढ्यात त्यांना डोणी दिसली. त्यांनी गोधडी त्या धुवणात बुचकळली, अंगावर घेतली आणि धुरात शिरल्या. संपलं सगळं, असं मला वाटलं. झळ लागून माझा गळा तडकला. मग त्या खोकत, धडपडत बाहेर आल्या. ओल्या गोधडीत भैरू रडत होता. रडत होता, मित्रांनो! शेजाऱ्यांनी छप्पर ओढून पाडलं आणि मातीनं आग विझवली.

संध्याकाळी सोजरनं मला तड्याखालपर्यंत भरलं. पहाटे सरुबाई आल्या. झाकण उचललं, तांब्या बुडवला. त्या अंगणाकडे वळल्या, थांबल्या, आणि तोच तांब्या त्यांनी भैरूच्या ओठांना लावला.

तुमच्याही घरी कुणी कालचं म्हणून भरला हंडा मोरीत ओतत असेल, तर त्याचा हात धरा. झाकलेलं पाणी एका रात्रीत वाईट होत नाही. तांब्या तळाला आपटल्याचा तो आवाज मला आजही ऐकू येतो. तुम्हाला तो कधीच ऐकावा लागू नये.