अंगावर आकडे गोंदलेला टायर

मित्रांनो, मी एका लहानशा निळ्या गाडीचा म्हातारा टायर. रंग काळा, पोट पोकळ, स्वभाव गोल. कारखान्यातल्या तापलेल्या साच्यात माझा जन्म झाला. तिथेच अंगावर नक्षी उमटली आणि बाजूला आकडे गोंदले गेले: १८५/६५ आर १५. हेच माझे नाव.

पण माझ्या नशिबी आधी डिकी आली. मी स्टेपनी, म्हणजे जादाचा टायर. माझे चौघे भाऊ जग पाहत हिंडत आणि मी ओल्या टॉवेलांच्या पिशव्यांखाली निजून राही. आमची मालकीण मुलींना पोहायला शिकवायची. सगळे तिला आत्या म्हणत. साठी ओलांडल्यावर ती गाडी शिकली होती आणि प्रत्येक वळण घेताना खुशीत गुणगुणायची.

एका संध्याकाळी पत्र्याचा तुकडा लागून माझा पुढचा भाऊ बाजूने फाटला. टायरच्या बाजूला ठिगळ चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलींना शर्यतीसाठी घाटापलीकडे न्यायचे होते आणि दुकाने तर बंद झालेली. तेवढ्यात आत्याचा मोठा भाऊ, दादा, मित्राकडून एक नवेकोरे चाक गडगडवत घेऊन आला.

"हे घे! फुकट मिळालंय. लाव आणि निघ."

आत्याने चष्मा लावला. "दादा, ह्यावर दोनशे पाच, पासष्ट लिहिलंय."

"शेवटी पंधरा आहे ना? आपलाही पंधराच. गोल आहे, काळा आहे. आता काय आडनाव विचारू?"

आत्या खळखळून हसली. "अरे, पंधरा म्हणजे फक्त आतल्या रिमचा व्यास, इंचांत. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. आपला एकशे पंच्याऐंशी."

"पासष्ट तर सारखाच आहे!"

"तिथंच फसतात सगळे. पासष्ट म्हणजे रुंदीच्या पासष्ट टक्के उंची. रुंदी वाढली की उंचीही वाढली. हा आपल्यापेक्षा मोठा आहे."

"आणि आर?"

"रेडियल. आतले दोरे कसे बसवलेत ते."

"तुला कोणी शिकवलं हे?"

"गाडीच्या पुस्तकानं. तू सोफ्यावर घोरत होतास तेव्हा."

दादा हट्टाला पेटला. त्याने चाक लावलेच. अंगणात स्टेअरिंग पूर्ण वळवले, तर खर्रर्र! टायर आतून पत्र्याला घासू लागला. गाडी एका बाजूला कललेलीही दिसत होती.

"नाकापेक्षा मोती जड," दादा स्वतःच पुटपुटला आणि निमूटपणे डिकी उघडायला गेला.

पण मित्रांनो, माझ्यात हवा होती कुठे? इतके दिवस कोणी विचारपूसच केली नव्हती. मी चपटा होऊन शरमलो. आत्याने गाडीच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेली चिठ्ठी वाचली. तिथे टायरचे माप आणि हवेचा दाब दोन्ही लिहिलेले होते. जवळच्या पंपावर गडगडवत नेऊन तिने माझ्यात तेवढीच हवा भरली आणि मला फाटलेल्या भावाच्या जागी बसवले. मी असा काही टणक झालो की काय सांगू!

सकाळी घाटात रस्ता ओला होता. एका वळणावर अचानक शेळ्यांचा कळप आडवा आला. मागे मुली, शेजारी दादा. आत्याने ब्रेक दाबला. आम्ही चारही सारख्या टायरांनी एकदमच रस्त्याला घट्ट मिठी मारली. गाडी नाकासमोर सरळ थांबली. एक शेळी येऊन मला हुंगून गेली.

"थांबली का गं?" दादाने डोळे मिटूनच विचारले.

"कधीच! उघड डोळे."

मुली हसून हसून लोळल्या. त्या दिवशी त्यांनी शर्यत जिंकली आणि परतताना दादाने घाटभर बेसूर गाणी म्हटली.

पुढे मी खूप धावलो. अंगावरची नक्षी झिजली, तेव्हा आत्याने मला वेळेवर उतरवले. आता मी तलावाकाठच्या गवतात पडून असतो आणि व्यायाम करताना मुली माझ्यात पाय टाकून उड्या मारतात.

मित्रांनो, आज घरच्या गाडीजवळ जरा उकिडवे बसा. टायरचे नाव वाचा, दारावरच्या चिठ्ठीशी ताडून पाहा आणि स्टेपनीलाही हवा भरा.

चला, मुली आल्या. सगळ्यात धाकटी आज दोन्ही पाय जोडून मला ओलांडणार आहे म्हणे. श्वास रोखून धरला असता, पण माझ्यात आता हवाच कुठे आहे!