दारं काढून ठेव

सकाळी फाटकातून आत पाऊल टाकलं आणि मी व्हरांड्यातच मटकन खाली बसले. एकाही चौकटीत दार नव्हतं!

"अगं बाई गं! गिरीराज, दारं कुठायत रे?"

"काढली की, अक्का." आमचा सुतार गिरीराज हात पुसत, हसत बाहेर आला. "तुम्हीच फोनवर म्हणालात ना, बाई यायच्या आत सगळी दारं काढून ठेव म्हणून?"

म्हणाले होते. अगदी असंच म्हणाले होते. पण आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचे मराठे. कन्नडात दार उघडायला सांगताना 'तेगी' म्हणतात. तेगी म्हणजे काढ, आणि तेगी म्हणजेच उघड. म्हणून आमच्या बनशंकरीच्या घरी कडी वाजली की "दार काढा गे कुणीतरी" असंच ओरडतात. त्यापायी आजवर कुणाचं दार गेलेलं नाही. आणि हा सातारचा शहाणा, गेल्याच वर्षी इथे आलेला!

"अरे, उघडून ठेव म्हटलं रे मी! स्वल्प वारा खेळू दे म्हणून!"

"मग उघड म्हणायचं की, अक्का."

"मला मराठी शिकवतोस?"

रडू येत होतं, म्हणून ओरडत होते. ही इमारत म्हणजे जुन्या फौजेचा घोड्यांचा दवाखाना. मालकांना ती पाडून गाड्या लावायला जागा करायची आहे, आणि मी ती वाचवायला धडपडतेय. त्यांचं म्हणणं, हे साधं गोदाम. मी म्हणायची, मग घोड्याचं अंग खरचटू नये म्हणून चौकटीचे दगड गोल का घडवलेत? तर म्हणे, पोती फाटू नयेत म्हणून. फरशीला नालीकडे उतार का? धुवायला. लंगडा घोडा झोळीत घालून उभा ठेवायची ती जाडजूड तुळई? तिला म्हणे तराजू टांगत! एका गोष्टीपुढे मात्र त्यांची बोलती बंद व्हायची. अर्ध्या दारांच्या वरच्या कडा. एका जागी कोंडलेला घोडा कंटाळून लाकूड चावतो. दाताचा ठसा न् ठसा उमटला होता त्यांवर. पोती काही दार चावत नाहीत. मी फोटो दिले, तर मालकांचा वकील म्हणाला, फोटो कुठलेही असतील. म्हणून तर आज सरकारी अधिकारी दिव्यश्रीबाई स्वतः बघायला येणार होत्या. त्यांना पटलं तर इमारत राहणार, नाहीतर सोमवारी बुलडोझर.

"सरी, बरं. काढली तर काढली. आधी परत बसव."

त्यानं मला मागच्या अंगणात नेलं. दारं भिंतीला ओळीनं टेकवलेली, तेलपाणी करून चकचकीत. मी कडेवरून हात फिरवला. गुळगुळीत! दुसरं दार बघितलं. तेही तसंच.

"पार कुरतडल्या होत्या हो," गिरीराज कौतुकानं म्हणाला. "दारं काढलीच आहेत तर रंधा मारून घेऊ म्हटलं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. एक तसंच सोडलं असतं तर वाईट दिसलं असतं."

मी हात उगारला होता. तो तसाच राहिला. "घोड्यांचे दात होते रे ते. तेवढाच पुरावा होता माझ्याकडे."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात फाटकात गाडी थांबली.

दिव्यश्रीबाईंनी भिंती बघितल्या, नाली बघितली. मालकांचा वकील मागे मागे होताच. दारांपाशी आल्यावर बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार तोच गिरीराज पुढे झाला. हिंदीत म्हणाला, "मॅडम, अक्कांची चूक नाही. खुणा होत्या. मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या, माझ्याच हातानं घालवल्या. देवाशपथ सांगतो."

बाईंचा चेहरा जरा निवळला. माझ्याही जिवात जीव आला. डोळ्यांनी बघितलेला माणूस उभा होता की समोर!

"मग खुणा दिसत असताना रंधा का मारला?" बाईंनी विचारलं. "कशाच्या खुणा वाटल्या तुम्हाला?"

गिरीराजनं माझ्याकडे बघितलं. मी मनात म्हणत होते, घोडा म्हण रे बाबा, घोडा म्हण. पण आत्ताच देवाची शपथ घेतली होती त्यानं.

"चूहे, मॅडम," तो म्हणाला. "मला उंदीर वाटले."

"झालं तर मग!" वकील म्हणाला. "यांचाच सुतार सांगतोय. उंदीर गोदामातच होतात, मॅडम."

बाईंनी मला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का. मी गिरीराजकडे वळून म्हटलं, "दारं बसव रे परत, सोमवारपर्यंत तरी राहू देत."