अपक्ष आमदारांच्या पायाखाली

मी स्टूल बोलतोय. काय काय पाहिलेले नाही ते आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे जे पाहिले त्यावर विश्वास ठेवणे आपल्याला सोपे जाईल.

मी जंगल पाहिलेले नाही. लाकडी वस्तूंची आत्मवृत्ते बहुधा घनदाट अरण्यात सुरू होतात. तिथे पाखरे गातात आणि मग एक निर्दय कुऱ्हाड येते. माझी बैठक प्लायवूडची आहे आणि पाय एका शाळेने मोडीत काढलेल्या बाकांचे. पाखरांविषयी मला ठामपणे काहीही सांगता येणार नाही.

माझे मालक पक्षातून बाहेर पडले, तो प्रसंगही मी पाहिलेला नाही. त्याच्या दोन हकिगती ऐकल्या आहेत. मालकांच्या मते, गावातल्या सरकारी रुग्णालयाचा प्रसूतिकक्ष बंद करण्याच्या निर्णयाला पक्षाने माना डोलावल्या, म्हणून त्यांनी राजीनामा दिला. मालकीणबाईंच्या मते, पक्षाच्या मेळाव्याच्या फोटोत उंच पुढाऱ्यांच्या मागे यांचे फक्त टक्कल आले, म्हणून दिला. दोन्ही घटना एकाच आठवड्यातल्या आहेत, इतके मात्र निर्विवाद.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. मालकांचे चष्म्याचे दुकान होते आणि वरच्या खणातल्या फ्रेमा त्यांच्या हाताला लागत नसत. सुताराने विचारले, "किती उंच हवं?"

"वरचा खण हाताला लागेल इतकं."

सुताराने खणाकडे पाहिलेच नाही. त्याने मालकांकडे आपादमस्तक पाहिले, कानामागची पेन्सिल काढली आणि मनाशी ठरवलेल्या मापात आणखी वीतभर घातली. त्या वीतभरात पुढचे सगळे राजकारण मावले.

दुकानात माझे काम चढण्या-उतरण्याचे. पण ऐकायला पुष्कळ मिळे. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एक काच धरायची, मग दुसरी, आणि विचारायचे, "ही बरी, की आधीची?" बहुतेक जण मालकांचा चेहरा निरखून उत्तर देत. स्वतःच्या डोळ्यांबाबतही माणसे समोरच्याला बरे वाटेल तेच सांगतात, हा शोध मला तिथे लागला. निवडणुकीत त्याचा उपयोग झाला. मला झाला, मालकांना झाला की नाही, ते माहीत नाही.

कारण मालक अपक्ष म्हणून उभे राहिले. पक्ष नाही, तेव्हा व्यासपीठही नाही. मालकीणबाईंनी मला उचलून मंडईच्या कोपऱ्यावर ठेवले आणि म्हणाल्या, "चढा. आणि हात फार हलवू नका, याचा एक पाय डुगडुगतो."

समोरच भाजीवाल्या मावशींचे दुकान होते. मंडईत हसायचे की नाही, याची शेवटची परवानगी त्यांच्याकडून घ्यावी लागे.

"बोला चष्मेवाले! वरून काय दिसतंय?"

"मावशी, टोपलीतले वरचे टोमॅटो झकास दिसतायत. खालचे दिसत नाहीत."

"ते मतदान झाल्यावर दाखवते. तुम्ही लोक तसंच करता ना?"

सगळी मंडई हसली. पण मावशी पुढे हसल्या नाहीत. प्रसूतिकक्ष बंद झाल्यापासून बायकांना बाळंतपणासाठी पलीकडच्या शहरात न्यावे लागे. मावशींचे पहिले नातवंड वाटेत टेम्पोत जन्मले आणि टेम्पोतच गेले. हे त्या कधी बोलत नसत. मंडईत टेम्पो शिरला की फक्त तोंड फिरवून बसत.

मालकांना हे ठाऊक होते. ते म्हणाले, "निवडून दिलंत तर प्रसूतिकक्ष उघडून दाखवीन." टाळ्या झाल्या. टाळ्या वाईट असतात. त्या माणसाला आणखी एक वाक्य बोलायला लावतात. मालक म्हणाले, "आणि शेवटपर्यंत अपक्ष राहीन! यांच्या मोजणीत नाही, त्यांच्याही मोजणीत नाही!" आणखी टाळ्या झाल्या. दोन्ही वचने एकाच दमात दिली गेली. त्यांचे एकमेकांशी पटेल का, हे विचारण्याइतकी शांतता त्या कोपऱ्यावर नव्हती.

मालक निवडून आले. थोडक्यात आले, पण आमदार थोडक्यात होता येत नाही. झाले की पूर्णच होतात.

सभागृहात पहिलीच अडचण ध्वनिक्षेपकाची निघाली. तो मालकांच्या कपाळाशी बोलत असे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आत नेले, तेव्हा दारावरच्या मार्शलने अडवले. प्रकरण अध्यक्षांपर्यंत गेले. एका सदस्याने हरकत घेतली, "महोदय, सन्माननीय सदस्यांची उंची जनतेने ठरवली आहे. ती परस्पर वाढवता येणार नाही." दुसऱ्याने विचारले, "हे स्टूल फर्निचर समजायचं की चष्म्यासारखा शारीरिक आधार?" अध्यक्षांनी एक समिती नेमली आणि तिचा निर्णय होईपर्यंत मला मालकांच्या बाकाखाली राहण्याची मुभा दिली. समितीची बैठक झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. म्हणजे मी कायदेशीरदृष्ट्या अजून विचाराधीन आहे.

बाकाखालून लोकशाही वेगळी दिसते. वर घनघोर चर्चा चाललेली असताना खाली दोन्ही बाजूंनी बूट काढलेले असतात. एका मंत्र्यांच्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत असे, आणि त्यांच्यावर सर्वांत कठोर टीका करणाऱ्या विरोधकाच्या मोज्यातून टाच. त्या दोघांनी मोज्यांची अदलाबदल केली असती, तरी प्रश्न सुटला नसता. पण चर्चेला निदान विषय मिळाला असता.

अपक्षाला बोलायची वेळ शेवटी मिळते, सगळे चहाला गेल्यावर. मालक माझ्यावर चढून रिकाम्या बाकांना प्रसूतिकक्षाचे महत्त्व पटवून देत. बाकांनी कधी विरोध केला नाही. कक्षही उघडला नाही.

असे बरेच दिवस गेले. मग सरकारातले काही आमदार रुसून बाहेर पडले, दोन्ही बाजूंची संख्या जवळजवळ सारखी झाली, आणि सरकारला विश्वासदर्शक ठराव मांडणे भाग पडले. त्या आठवड्यात मालकांची उंची अचानक वाढल्याचे सर्वांच्या लक्षात आले. कालपर्यंत त्यांच्या डोक्यावरून पलीकडे पाहणारे लोक वाकून नमस्कार करू लागले.

आपल्या आमदारांना मतदानाच्या दिवशी हाकून आणणाऱ्या माणसाला प्रतोद म्हणतात. सरकारी पक्षाचे प्रतोद घरी आले. खुर्च्यांवर इतर हितचिंतक बसले होते, म्हणून ते माझ्यावर बसले. भारदस्त गृहस्थ होते. माझा डुगडुगणारा पाय प्रथमच स्थिर झाला.

"साहेब, तुम्ही फक्त ठरावाच्या बाजूनं उभे राहा. प्रसूतिकक्ष उघडला म्हणून समजा."

"समजायचं कशाला? उघडाच की," मालकीणबाई आतून म्हणाल्या. "कुलूप तुमचंच आहे ना?"

"वहिनी, आधी मत, मग कक्ष. रीतच आहे तशी."

"यांच्या दुकानात गिऱ्हाईक आधी काच लावून बघतं. दिसलं तर घेतं."

प्रतोदांनी मालकांकडे पाहिले. "मग निदान शब्द तरी द्या."

मालक बराच वेळ चष्मा पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "मी सभागृहात येईन आणि सगळ्यांना दिसेल असंच वागेन."

हे वाक्य मी अक्षरशः दिले आहे. प्रतोदांना ते होकारासारखे वाटले. ते उठले, आणि माझा पाय पुन्हा डुगडुगू लागला.

दुसऱ्या दिवशी मालक मला घेऊन मंडईत गेले, पण चढले नाहीत. मावशींच्या टोपलीशेजारी मला ठेवून माझ्यावर बसले. मावशींच्या सुनेला पुन्हा दिवस गेले होते. नुकताच तिसरा महिना लागला होता.

"मावशी, कक्ष उघडतायत."

"ऐकलं. आणि तुम्ही जाताय त्यांच्यात?"

"तुम्हीच सांगा."

"मला ती खोली हवी," मावशी म्हणाल्या. मेथीच्या जुडीची दोरी त्यांनी उगाचच सोडून पुन्हा बांधली. "पण त्यांच्या मोजणीत गेलात, तर या कोपऱ्यावर पुन्हा पाय ठेवू नका."

"दोन्ही कसं जमायचं?"

"दोन्ही तुम्हीच बोलला होता की! मी काय, नुसत्या टाळ्या वाजवल्या."

मतदानाच्या आदल्या दिवशी प्रसूतिकक्ष उघडला. भिंतींना ओला रंग होता, खाटा नव्या होत्या, आणि बदलीवर आलेल्या परिचारिकाबाई अजून आपल्या सामानाच्या पिशवीवरच बसलेल्या होत्या. फीत कोणी उंच माणसाने बांधली होती. मालकांनी माझ्यावर चढून ती कापली, आणि मोटार निघाली म्हणून हाका आल्यावर धावत सुटले. मी कक्षाच्या दारात राहिलो. त्यांना विसर पडला, की त्यांनी मला मुद्दाम ठेवले, हे मी सांगू शकत नाही. मला उचलण्यासाठी ते वाकले नाहीत, एवढे मी पाहिले.

त्यामुळे पुढचे ऐकीव आहे. सभागृहातले मतदानाचे यंत्र बिघडले. अध्यक्षांनी सांगितले, ठरावाच्या बाजूचे सदस्य उभे राहोत, त्यांची मोजणी होईल. नंतर विरोधातले उभे राहतील. मी पायाखाली नसल्याने मालक उभे आहेत की बसलेले, ते कळेना; दोन्ही मोजण्यांच्या वेळी ते बाकामागे अगदी सारखेच दिसले: कपाळ आणि चष्मा. सरकार एका मताने वाचले.

सरकारी बाजू म्हणते, आमदारांनी शब्द पाळला; उभे होते. विरोधी बाजू म्हणते, ते जागचे हललेच नाहीत. आपल्याच एका सदस्याच्या पायाला मुंग्या आल्या म्हणून तो नको त्या क्षणी उठला आणि मोजला गेला. मालकीणबाई प्रेक्षकांच्या सज्जात होत्या. त्यांना विचारले, तर त्या म्हणतात, "माझा चष्मा घरी राहिला होता." चष्मेवाल्याची बायको चष्मा विसरते, हे मी मानायला तयार नाही, पण माझ्याकडे पुरावा नाही. मालकांना विचारले, तर ते म्हणतात, "खोली उघडी आहे ना? मग झालं तर."

खोली उघडी आहे. मी आता तिथेच असतो. खाटा उंच आहेत. बायका माझ्यावर पाय देऊन वर चढतात. इतकी जड आणि इतकी जपून टाकलेली पावले मी मंडईत अनुभवली नाहीत, सभागृहात तर नाहीच. काही महिन्यांनी मुदत संपून नवी निवडणूक आली, तेव्हा मालक मला न्यायला आले होते. परिचारिकाबाईंनी कमरेवर हात ठेवून विचारले, "साहेब, तुम्ही भाषण करणार म्हणून बायकांनी उड्या मारायच्या का?" मालक हसले, माझ्या बैठकीवर एकदा थाप मारली आणि तसेच गेले. या वेळी ते मंडईत जमिनीवर उभे राहून बोलले म्हणे. मागच्यांना दिसले नाहीत.

आपणही कधी या कक्षात आलात, तर एकच विनंती: माझ्यावर ओल्या बादल्या ठेवू नका. प्लायवूड फुगते. सन्मानाने फुगणारे मी पुष्कळ पाहिले. पाण्याने फुगण्यात ती मजाही नाही.

काल मतदान होते. मावशींच्या सुनेला परवा रात्री मुलगी झाली, याच खोलीत. काल सकाळी मावशी माझ्यावर बसून नातीला मांडीवर घेऊन होत्या.

"मग, चष्मेवाल्यांना देणार ना मत?" परिचारिकाबाईंनी विचारले.

"तेच ठरत नाहीये, बाई. उभा राहिला असेल, तर मला दिलेला शब्द मोडला. बसून राहिला असेल, तर ज्यांनी खोली उघडली त्यांना गंडवलं. खोटा तर तो आहेच. कुणाशी, एवढंच कळत नाही." त्यांनी नातीची मूठ उघडून पाहिली. "आणि ही बघा, कशी झोपलीय."

त्यांनी नातीला सुनेच्या कुशीत ठेवले, पदर सारखा केला आणि मतदानाला गेल्या. तासाभराने परतल्या, तेव्हा बोटाला शाई होती. परिचारिकाबाईंनी भुवया उंचावल्या. मावशींनी नातीला पुन्हा उचलले आणि म्हणाल्या, "जरा दार लावा, वारा येतोय."

मतमोजणी अजून व्हायची आहे. मावशींनी मत कोणाला दिले, ते त्यांनी मुलाला सांगितलेले नाही, सुनेला नाही, आणि माझ्यावर इतका वेळ बसूनही मला कळलेले नाही.